हातचं राखून खेळणारा मास्तर

२९ ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशीचा दिवस. मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. एका दिवसात! दुपारपर्यंत कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरायला लागले. संध्याकाळपर्यंत रील्स आली. कुणी दहा हजार लावले असते तर किती झाले असते, याची गणितं सुरू झाली.

खरं म्हणजे दहा हजार कुणी लावूच शकलं नसतं. त्या भावाला शेअर विकायला कुणी तयारच नव्हतं. कारण साधं होतं. ही कंपनी स्वतः काही बनवत नाही. तिच्या तिजोरीत एशियन पेंट्सचे शेअर आहेत आणि हिशेब केला तर तिच्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला सुमारे ५ लाख ८५ हजारांची मालमत्ता येत होती. मग साडेतीन रुपयांना कोण विकेल? सेबीच्या नव्या नियमानुसार अशा कंपन्यांसाठी खास लिलाव झाला आणि भाव एकदम वर आला. एवढी उडी मारूनसुद्धा तो आतल्या मालमत्तेच्या निम्म्यापेक्षा कमीच राहिला.

आतल्या वस्तूची किंमत जास्त आणि डबा मात्र स्वस्त. हे कोडं नवं नाही. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकवीस वर्षांच्या एका पोराला ते दिसलं होतं. पुढे तो शेअर बाजाराचा मास्तर झाला. वॉरन बफे ज्यांना गुरू मानतात, ते बेंजामिन ग्रॅहम. स्वस्त शेअर शोधणारा माणूस एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. पण आपण चुकू शकतो हे धरून चालायला शिकलेला माणूस, ही ओळख जास्त खरी आहे. आणि ते शिकण्यासाठी त्यांनी भरपूर फी मोजली होती.

पाच डॉलरचा अपमान

बेनचा जन्म १८९४ चा, लंडनमधला. आडनाव तेव्हा ग्रॉसबाउम. तो जेमतेम वर्षाचा असताना घर न्यूयॉर्कला आलं. वडील चिनी मातीच्या वस्तूंचा व्यापार करायचे. सगळं बरं चाललं होतं. घरात कामाला माणसं होती. १९०३ मध्ये वडील गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं पस्तीस होतं. बेन नऊ वर्षांचाही नव्हता. धंदा बसला. आईने पदरात तीन मुलं घेऊन घरात पाहुणे ठेवून खाणावळवजा व्यवसाय करून पाहिला. तोही चालला नाही.

मग आईने शेअर बाजाराची वाट धरली, आणि तीही उसन्या पैशांवर. ज्याला आज आपण मार्जिन म्हणतो, तेच. १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांवर धाड पडल्यासारखी गर्दी झाली, बाजार कोसळला आणि उरलीसुरली पुंजी धुऊन निघाली. त्या दिवसांत एकदा आईचा चेक वटवायला बेन बँकेत गेला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने आत विचारून घेतलं, की या बाईंच्या खात्यावर पाच डॉलर तरी देण्याजोगी पत आहे का. पोराने ते ऐकलं. म्हातारपणी आठवणी लिहायला बसल्यावरसुद्धा ते त्याच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

बेन अभ्यासात हुशार होता. ग्रीक, लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान, सगळ्यात. कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती पहिल्यांदा कार्यालयातल्या गोंधळामुळे हुकली. आडनाव तेच असलेल्या चुलतभावाच्या आणि त्याच्या नावात घोळ झाला होता. पुढच्या वर्षी चूक दुरुस्त झाली. १९१४ मध्ये तो वर्गात दुसरा येऊन पदवीधर झाला. निकालाआधीच विद्यापीठाच्या तीन विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं होतं : इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित. आपल्याकडे घरोघरी पेढे वाटले गेले असते. पण घरी पैशांची चणचण होती. डीन केपेल यांनी वॉल स्ट्रीटवरच्या एका दलालाच्या पेढीचं नाव सुचवलं. आठवड्याला १२ डॉलर पगारावर बेन तिथे रुजू झाला.

लाडवांचा डबा

त्या काळी शेअर घेणं म्हणजे बातमी काढणं. कोण बडा माणूस काय घेतोय, कुठल्या शेअरमध्ये खेळ चाललाय, हे ज्याला आधी कळेल तो जिंकला. कंपनीचा ताळेबंद वाचणं हे शेअरवाल्यांचं काम समजलंच जात नव्हतं. बेनला बडी माणसं ओळखत नव्हती. त्यामुळे तो बिचारा ताळेबंद वाचायचा.

१९१५ मध्ये गुगेनहाइम एक्स्प्लोरेशन नावाची कंपनी गाशा गुंडाळायला निघाली. तिच्याकडे तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या इतर कंपन्यांचे शेअर होते आणि ते शेअर बाजारात रोज विकले जात होते. म्हणजे भाव सगळ्यांना माहीत. बेनने बेरीज केली. डब्यात दहा लाडू, बाजारात एकेका लाडवाचा भाव दहा रुपये, आणि आख्खा डबा मात्र नव्वदला! त्याने सुचवलं की डबा घ्या आणि त्याच वेळी आतले लाडू बाजारभावाने विकून टाका. कंपनी मोडली की लाडू हातात येतील, ते देऊन टाका, मधला फरक आपला. बाजार वर गेला काय, खाली गेला काय, फरक पडत नाही. तसंच झालं. पेढीत त्याचं नाव झालं आणि १९२० पर्यंत तो तिथे भागीदार झाला. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणाऱ्या नावांकडे लोक संशयाने बघायला लागले, तेव्हा घराने ग्रॉसबाउमचं ग्रॅहम केलं होतं.

यातली युक्ती बाजूला ठेवू. त्यामागचा विचार नीट बघा. शेअर म्हणजे स्क्रीनवर हलणारा आकडा नाही, तो एका खऱ्या धंद्यातला वाटा आहे. त्या वाट्याचं एक मोल असतं. बाजारातली किंमत ही वेगळी गोष्ट. मराठीत आपल्याकडे हे दोन वेगळे शब्द आधीपासून आहेतच. ग्रॅहम यांचं सगळं आयुष्य किंमत आणि मोल यांच्यामधली फट शोधण्यात गेलं.

ऑइल सिटीची सभा

१९२६ मध्ये ग्रॅहम स्वतःचा फंड चालवत होते. जेरोम न्यूमन हा भागीदार त्याच सुमारास सोबत आला. एकदा रेल्वे कंपन्यांचे सरकारी अहवाल चाळताना त्यांना एका तक्त्याखाली टीप दिसली. तेलवाहिन्या चालवणाऱ्या कंपन्याही सरकारला सविस्तर हिशेब देतात, असं त्यावरून कळत होतं. या कंपन्या म्हणजे रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे १९११ मध्ये कोर्टाने तुकडे केले, त्यातल्या. भागधारकांना त्या जेमतेम एकदोन ओळींचा हिशेब द्यायच्या. ग्रॅहम रेल्वे पकडून वॉशिंग्टनला गेले आणि कार्यालयात बसून फायली मागवल्या.

नॉर्दर्न पाइपलाइन या छोट्या कंपनीची फाइल बघून ते चाट पडले. शेअरचा बाजारभाव ६५ डॉलर. आणि कंपनीने नुसत्या रेल्वेच्या रोख्यांत वगैरे ठेवलेले पैसे प्रत्येक शेअरमागे ९५ डॉलर! धंद्याला त्या पैशांची गरजही नव्हती. म्हणजे ९५ रुपये असलेलं पाकीट ६५ ला विकायला ठेवलेलं, वर पाइपलाइन फुकट.

त्यांनी गुपचूप शेअर गोळा केले आणि व्यवस्थापनाला भेटून जास्तीचे पैसे भागधारकांना वाटा, अशी विनंती केली. उत्तर साधारण असं, की तुम्हाला या धंद्यातलं काय कळतं, पटत नसेल तर शेअर विका. जानेवारी १९२७ मध्ये ग्रॅहम वार्षिक सभेला गेले. सभा होती पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या आडगावी, म्हणजे सहसा कुणी येणारच नाही अशा ठिकाणी. गाडी बदलत, कडाक्याच्या थंडीत ते पोचले, तर सभेत कंपनीची चारपाच माणसं आणि हे एकटे. त्यांनी मुद्दा मांडायला परवानगी मागितली. ठरावाला अनुमोदन द्यायला कुणीच नव्हतं. सभा संपली.

दुसरा कुणी शेअर विकून मोकळा झाला असता. ग्रॅहम वर्षभर एकेका भागधारकाला गाठत राहिले. १९२८ च्या सभेला गेले तेव्हा त्यांच्या हातात ३८ टक्के मतांची मुखत्यारपत्रं होती. संचालक मंडळावर त्यांची दोन माणसं निवडून आली. थोड्याच काळात कंपनीने पैसे वाटायला सुरुवात केली. शेअरमागे एकूण ७० डॉलर मिळाले आणि शेअर हातात राहिला तो वेगळाच.

स्वस्त शेअर घेतला म्हणजे काम झालं, असं नसतं. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याने ती उघडलीच नाही तर आतला पैसा असून नसल्यासारखा. हा धडा शेवटी येतोच आहे, लक्षात ठेवा.

शहाणाही बुडाला

१९२९ उजाडलं तेव्हा ग्रॅहम पस्तिशीत होते. फंडात २५ लाख डॉलर. सेंट्रल पार्कसमोर आलिशान दुमजली घर भाड्याने घेतलेलं. कोलंबियात संध्याकाळचे वर्गही ते घ्यायला लागले होते. बाजार फुगलाय, हे त्यांना कळत होतं.

त्या तेजीत एक नवं खूळ शिगेला पोचलं होतं : इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. कल्पना जुनी आणि चांगली. १८६८ मध्ये लंडनला फॉरिन अँड कलोनियल नावाने पहिला असा ट्रस्ट निघाला. अनेकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करायचे, ते बऱ्याच ठिकाणी पसरून गुंतवायचे, आणि त्या एकत्रित गाठोड्याचे शेअर बाजारात विकायचे. साध्या म्युच्युअल फंडात आपण पैसे परत मागितले की फंडाला ते द्यावे लागतात. इथे तसं नाही. बाहेर पडायचं तर आपला शेअर दुसऱ्या कुणाला विकायचा. गाठोड्याला हात लागत नाही.

अमेरिकेत मात्र या गाठोड्यांवर कर्ज चढवलं गेलं. एका ट्रस्टने दुसरा, दुसऱ्याने तिसरा काढला. आणि लोक डब्यातल्या शंभर रुपयांच्या लाडवांसाठी दीडशे-दोनशे मोजायला लागले. गोल्डमन सॅक्सच्या ट्रस्टचा शेअर १९२८ च्या डिसेंबरमध्ये लोकांना १०४ डॉलरला मिळाला. १९३२ मध्ये त्याचा भाव पावणेदोन डॉलर होता.

ग्रॅहम या खुळात नव्हते. पण त्यांच्या फंडावरही कर्ज होतं. १९२९ च्या पडझडीत त्यांचं नुकसान २० टक्क्यांवर थांबलं, बाजारापेक्षा कमी. त्यांना वाटलं, वाईट दिवस संपले. १९३० च्या सुरुवातीला फ्लोरिडात त्र्याण्णव वर्षांच्या एका निवृत्त व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली. आजोबांनी सगळं विचारून घेतलं, फंडावर कर्ज किती आहे तेही, आणि सांगितलं की पुढच्याच गाडीने न्यूयॉर्कला जा, सगळं विकून कर्ज फेडून टाक. ग्रॅहम यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्या वर्षी फंड ५० टक्क्यांहून जास्त बुडाला. १९३१ मध्ये आणखी १६ टक्के. १९३२ संपेपर्यंत १९२९ मधल्या २५ लाखांपैकी ७० टक्के गेले होते. बाजाराचा डाउ निर्देशांक ३८१ वरून ४१ वर आला होता.

आईचं १९०७ मध्ये जे झालं, तेच मुलाचं. हिशेब चुकला नव्हता. घेतलेले शेअर स्वस्तच होते. पण स्वस्त वस्तू आणखी स्वस्त होते, आणि कर्ज देणारा थांबत नाही.

आलिशान घर सुटलं. पत्नीने नृत्य शिकवून घराला हातभार लावला. ग्रॅहम शिकवत, लिहीत, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देत राहिले. लोकांचे बुडालेले पैसे भरून निघेपर्यंत त्यांना मोबदला मिळणार नव्हता, करारच तसा होता. न्यूमनच्या सासऱ्यांनी भर घातली म्हणून फंड तगला. १९३५ संपताना नुकसान भरून निघालं. पाच वर्षं एक डॉलर फी न घेता.

झेरॉक्सचं दुकान

याच भिकार वर्षांत त्यांचं सगळ्यात मोठं काम झालं. १९३२ मध्ये त्यांनी कोलंबियात सहाशेच्या आसपास कंपन्यांचे हिशेब तपासून घेतले. एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या चालू ठेवण्यापेक्षा मोडून विकल्या तर जास्त पैसे देतील, अशा भावाला मिळत होत्या. त्यांनी फोर्ब्स नियतकालिकात हे लिहिलं. १९३४ मध्ये, सहकारी डेव्हिड डॉड यांच्यासोबत, ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ हे जाडजूड पुस्तक आलं.

त्यातली पद्धत समजायला कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान घ्या. गल्ल्यात आणि बँकेत मिळून २ लाख. कागद, वह्या, शाई असा ३ लाखांचा माल. कॉलेजकडून येणं १ लाख. झाले ६ लाख. सगळी देणी दीड लाख. उरले साडेचार. मशिन, फर्निचर, गिऱ्हाईक, दुकानाचं नाव यांची किंमत शून्य धरायची. ग्रॅहम म्हणायचे, या साडेचार लाखांच्याही दोन तृतीयांशाला, म्हणजे तीन लाखांना दुकान मिळत असेल तरच घ्या. आणि एकच दुकान नको, अशी पंचवीस-तीस किंवा शंभरही घ्या. कारण त्यातली काही बुडणारच, आणि कुठली बुडतील ते आधी कळत नाही.

साडेचार आणि तीन यांच्यात जो दीड लाखाचा फरक आहे, तो नफा नाही. तो आपल्या चुकांसाठी ठेवलेला राखीव पैसा आहे. कागद ओला निघाला, कॉलेजने बिल थकवलं, आपणच बेरीज चुकवली, तर त्यातून भागतं. ग्रॅहम याला ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’ म्हणत. आपण हातचं राखणं म्हणू. एरवी कुणी हातचं राखून काम केलं की आपण नावं ठेवतो. इथे मात्र तोच पाया आहे.

१९४९ मध्ये सामान्य वाचकांसाठी ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ आलं. त्यात ‘मिस्टर मार्केट’ आहे, त्याला आपण बाजारराव म्हणू. तुमच्या धंद्यातला हा भागीदार रोज सकाळी दारात येतो आणि एक भाव सांगतो. तुझा हिस्सा मला वीक, नाहीतर माझा तू घे. कधी आनंदाने नाचत असतो, तेव्हा भाव अवाच्या सवा. कधी रडवेला, तेव्हा कवडीमोल. गडी प्रामाणिक आहे, फक्त मूडी आहे. त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. दार लावून घेतलंत तरी उद्या परत येतो. फोनवर भाव बघून ज्याचा दिवस चांगला किंवा वाईट जातो, त्याला बाजाररावाने घरात घेतलं असं समजायचं.

त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी बंद गाठोड्यांच्या फंडांबद्दलही सल्ला दिला. फंड घ्यायचाच असेल तर कमिशन भरून महागात घेण्यापेक्षा, जो आतल्या मालमत्तेपेक्षा दहा-पंधरा टक्के स्वस्त मिळतोय असा ट्रस्टसारखा फंड घ्या. १९२९ मध्ये लोकांनी ज्या डब्यासाठी दुप्पट मोजले होते, तोच डबा आता रागाने फेकून दिलेला होता. डबा चांगला की वाईट हे भावावर ठरतं.

नियम मोडून मिळालेलं घबाड

१९३६ नंतरच्या वीस वर्षांत ग्रॅहम-न्यूमन या त्यांच्या फंडाने वर्षाला सरासरी किमान १४.७ टक्के दिले. त्याच काळात बाजाराने १२.२ टक्के. आकडा साधा वाटतो, पण वीस वर्षं चक्रवाढीने लावून बघा.

आणि आता गंमत. १९४८ मध्ये त्यांनी गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा ७ लाख १२ हजार डॉलरला घेतला. फंडाचा चौथा हिस्सा एकाच कंपनीत! शंभर ठिकाणी पसरा म्हणणाऱ्या मास्तरांनी. नंतर कळलं की त्यांच्यासारख्या फंडाला विमा कंपनीत एवढा हिस्सा ठेवताच येत नाही. मग ते शेअर फंडाच्या भागधारकांनाच वाटून टाकावे लागले. ज्यांनी ते ठेवले त्यांचं सोनं झालं. वीस वर्षांतल्या बाकी सगळ्या व्यवहारांनी मिळून जेवढं कमावलं, त्याहून जास्त या एकाने दिलं. ग्रॅहम यांनी हे लपवलं नाही, पुस्तकात लिहून टाकलं. त्यात नशीब किती आणि अक्कल किती, हा प्रश्नही उघडा ठेवला. आणि १९७६ मध्ये तीच गायको दिवाळखोरीच्या दारात उभी होती. तिला तेव्हा हात देणाऱ्यांत बफे होते.

बफे १९५० मध्ये ग्रॅहम यांच्याकडे शिकायला कोलंबियात आले. फुकट काम करतो म्हणाले, तरी नोकरी मिळाली नाही. मिळाली १९५४ मध्ये. दोनच वर्षांनी ग्रॅहम यांनी फंड बंद केला. पैसा पुरेसा झाला होता.

घरात मात्र सुख लाभलं नाही. १९२७ मध्ये मोठा मुलगा मेंदूज्वराने गेला, लहानपणीच. १९५४ मध्ये दुसऱ्या एका मुलाने, लष्करात असताना, फ्रान्समध्ये आयुष्य संपवलं. लग्नं तीन झाली. माणसांच्या बाबतीत त्यांना ताळेबंद फारसा जमला नाही.

पण भाषेचा नाद अखेरपर्यंत टिकला. १९३४ मध्ये त्यांचं एक नाटक ब्रॉडवेवर लागलं आणि चार प्रयोगांत उतरलं. ते स्वतः स्पॅनिश शिकले आणि उरुग्वेचे लेखक मारिओ बेनेदेत्ती यांच्या कादंबरीचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये छापून आला. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स इथे ते गेले. वय ८२. त्याच वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं की बारीक चिरफाड करून शेअर निवडण्यावर आपला आता पूर्वीसारखा विश्वास नाही, एवढी माणसं तेच करताहेत की फायदा उरत नाही. आपल्याच ग्रंथाबद्दल असं बोलायला हिंमत लागते.

डबे आता कुठे आहेत?

अमेरिकेत ग्रॅहम यांच्या मापाने स्वस्त शेअर आता क्वचित सापडतात. आशियात मात्र ते अजून मिळतात, आणि तेही छोट्या कंपन्यांत. जपान, दक्षिण कोरिया, हाँगकाँगमध्ये अशा कितीतरी कंपन्या आहेत, ज्यांच्याकडे रोकड आणि दुसऱ्या कंपन्यांचे शेअर पडून आहेत आणि बाजारभाव त्याहून कमी. त्यांच्याबद्दल लिहिणारं-बोलणारं कुणी नसतं.

अशा शेअरमध्ये रोजची उलाढाल किरकोळ. साध्या फंडातून लोकांनी घाबरून एकदम पैसे मागितले, तर मॅनेजरला मिळेल त्या भावाने विकावं लागतं. म्हणून लंडनच्या बाजारात यासाठी जुना इन्व्हेस्टमेंट ट्रस्टच कामाला येतो. लोक घाबरले तरी आतलं गाठोडं शांत बसतं. कधी कधी ट्रस्टचा शेअरच आतल्या गाठोड्यापेक्षा स्वस्त होतो. म्हणजे स्वस्त लाडू, तेही स्वस्त डब्यात.

भुलू नका. डबा वर्षानुवर्षं स्वस्तच राहू शकतो. घरात मोठ्यांना १९९४ च्या मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंडाबद्दल विचारून बघा. अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. बंद गाठोड्याचा फंड होता तो. नंतर कितीतरी वर्षं त्याचं युनिट आतल्या मालमत्तेपेक्षा कमी भावाने विकलं जात होतं. पुण्याच्या बजाज होल्डिंग्जचा शेअरही तिच्याकडच्या शेअरच्या किमतीपेक्षा स्वस्तच मिळत आला आहे. इथे पुन्हा ऑइल सिटी आठवा. किल्ली कुणाकडे? आशियातल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांवर घराण्यांची किंवा एकमेकांत गुंतलेल्या गटांची पकड असते. त्यांना पैसे वाटायची घाई नसते. म्हणूनच २०२३ मध्ये टोकियो शेअर बाजाराने कंपन्यांना भांडवलाचा नीट वापर करा आणि तुमच्या शेअरच्या भावाकडे बघा असं बजावलं, तेव्हा जगभरच्या ग्रॅहमपंथीयांचे कान टवकारले. २०२४ मध्ये कोरियानेही तशीच मोहीम काढली. एकटा माणूस जिथे गाड्या बदलत जात होता, तिथे आता बाजारच दार ठोठावतोय.

आपल्या वर्गात आज अनेकांची डिमॅट खाती आहेत. सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले : आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. या खेळात उधारीचा जोर असतो आणि घड्याळ विरुद्ध बाजूने खेळत असतं. आईला १९०७ मध्ये आणि मुलाला १९३० मध्ये नेमकं यानेच गाठलं होतं. ग्रॅहम यांनी त्यानंतर जे काही लिहिलं, ते तिसऱ्यांदा तसं होऊ नये म्हणून.

म्हणून एखादा शेअर घ्यायची खुमखुमी आली, तर त्या आधी कागद घ्या. या धंद्याचं मोल माझ्या मते किती, ते लिहा. किंमत किती, ते लिहा. मधली फट किती, ते लिहा. कंपनीची किल्ली कुणाकडे आहे, ते शोधा. आणि शेवटी, हा अंदाज साफ चुकला तर पुढच्या सेमिस्टरची फी भरता येईल का, याचं उत्तर लिहा. शेवटच्या ओळीत नाही आलं, तर कागद घडी करून ठेवा. बाजारराव उद्या परत येणारच आहे.